गुणांचा उतारा आणि वैद्यकाचा दरवाजा

वाचकहो, तुमच्या गावचा एखादा हुशार मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणू लागला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो गुणांचा. किती पडले? हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की वैद्यकाच्या दारात तो पहिल्यापासूनच विचारला जात असावा, असं वाटतं. तसं मुळीच नाही. अमेरिकेपुरतं बोलायचं, तर हा प्रश्न तिथं रुजायला पन्नास-साठ वर्षं लागली. तो का रुजला आणि रुजल्यावर त्याचं काय झालं, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. वय अठरा. जवळ कोणत्याही कॉलेजचं प्रमाणपत्र नव्हतं. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नसू, हे त्यांनी आपल्या अर्जाच्या पत्रात स्वतःच मोकळेपणानं लिहिलं होतं. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या महाविद्यालयानं आनंदीबाईंना जागा दिली, आणि १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आज तीच मुलगी तेच पत्र घेऊन अमेरिकेतल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेली, तर ते पत्र वाचणाऱ्याच्या हाती पोचणारसुद्धा नाही. आधी चार वर्षांची पदवी लागेल, तिच्या प्रत्येक विषयाचे गुण लागतील, आणि अर्धवट सोडलेल्या विषयांची यादीही लागेल.

पण आनंदीबाईंचं उदाहरण ऐकून कुणी म्हणेल की तो जुना काळच बरा होता. थांबा. त्या काळाची दुसरी बाजूही पाहा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बरीचशी वैद्यकीय महाविद्यालयं म्हणजे चार-सहा डॉक्टरांनी मिळून चालवलेली दुकानंच होती. विद्यार्थी प्राध्यापकाच्या व्याख्यानांचं तिकीट विकत घेई. नाटकाचं घेतात तसं. तिकिटाचे पैसे प्राध्यापकाच्या खिशात जात. तेव्हा गिऱ्हाईक कोण परत पाठवणार? हार्वर्डसारख्या नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा शेवटची परीक्षा तोंडी असे. नऊ विषयांचे नऊ परीक्षक, प्रत्येकापुढं काही मिनिटं. नवांपैकी पाचांनी बरं म्हटलं की झाला डॉक्टर! उरलेल्या चार विषयांत तो कोरा असला तरी चालत असे. आणि ते चार विषय कोणते, हे त्याच्या रोग्याला कधी कळत नसे.

१८६९ साली चार्ल्स एलियट हा रसायनशास्त्राचा माणूस हार्वर्डचा अध्यक्ष झाला. वय अवघं पस्तीस. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षा घ्याव्यात, असं त्यानं म्हणताच शस्त्रक्रियेचे ज्येष्ठ प्राध्यापक हेन्री बिगेलो खवळले. त्यांचं म्हणणं असं की निम्म्याहून अधिक मुलांना धड लिहिताच येत नाही, लेखी परीक्षा घेणार कशी? मौज बघा, हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. परीक्षा घेऊ नये, याचं कारण म्हणून सांगितलं होतं! एलियटनं ऐकलं नाही. १८७१ पासून हार्वर्डचा वैद्यकाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाला, परीक्षा सगळ्या विषयांत उत्तीर्ण व्हावी लागेल असं ठरलं. लगोलग विद्यार्थ्यांची संख्या घसरली. पण मोडून पडलं काहीच नाही.

पुढची मोठी पायरी बॉल्टिमोर शहरात घातली गेली, आणि ती घालायला लावली एका बाईनं. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला वैद्यकीय महाविद्यालय काढायचं होतं आणि पैसे अपुरे पडत होते. मेरी गॅरेट या श्रीमंत बाईनं तीन लाख डॉलरांच्या वर रक्कम देऊ केली. मात्र अटी घातल्या. एक, मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश. दुसरी, येणारा विद्यार्थी आधी पदवीधर पाहिजे, त्याचा विज्ञानाचा अभ्यास झालेला पाहिजे, फ्रेंच आणि जर्मन वाचता आलं पाहिजे. दुसरी अट ऐकून प्राध्यापकही दचकले. त्यांच्यातले विल्यम ऑस्लर विनोदानं म्हणत की आपण इथं प्राध्यापक म्हणून आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी घेतलं नसतं. १८९३ च्या ऑक्टोबरात वर्ग भरला. विद्यार्थी अठरा, त्यांत मुली तीन.

इथून 'आधी पदवी, मग वैद्यक' ही अमेरिकेची रीत सुरू झाली. आपल्याकडे बारावीनंतर थेट वैद्यकाला जातात. तिकडे आधी चार वर्षं कॉलेज, नंतर चार वर्षं वैद्यक. म्हणून तिकडच्या मुलाचं नशीब ठरतं ते त्या पहिल्या चार वर्षांच्या गुणांवर.

ही रीत एका कॉलेजापुरती न राहता सगळ्या देशाची झाली ती एका शाळामास्तरामुळं. शिक्षकांनो, हे नाव तुमच्या संग्रही असावं : अब्राहम फ्लेक्सनर. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावचा हा गृहस्थ. डॉक्टर नव्हे. स्वतःची शाळा चालवलेला मास्तर. कार्नेगी प्रतिष्ठानानं त्याला वैद्यकीय महाविद्यालयं तपासायला पाठवलं. अमेरिका आणि कॅनडा मिळून १५५ महाविद्यालयं त्यानं स्वतः फिरून पाहिली, आणि १९१० साली अहवाल छापला. त्याची नजर शाळातपासनिसाची होती. एका ठिकाणी दारांवर प्रयोगशाळांच्या पाट्या होत्या आणि दारांना कुलपं होती. हा आगगाडीला जातो असं सांगून निघाला, यजमान गेल्यावर परत फिरला, शिपायाच्या हातावर थोडे पैसे ठेवून त्यानं कुलपं उघडवली. आत पाहतो तो फळा, टेबल आणि खुर्च्या. त्यानं आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली ही हकिकत आहे.

कुलपांपेक्षाही त्याला अधिक खटकलं ते प्रवेशाचं रजिस्टर. बहुतेक महाविद्यालयं म्हणत, आम्ही हायस्कूल पास झालेलाच विद्यार्थी घेतो, 'किंवा तत्सम'. त्या 'तत्सम' शब्दातून वाटेल तो आत शिरत असे. आधी निदान दोन वर्षं कॉलेज झालेलं असावं, असा नियम १५५ पैकी फक्त सोळा ठिकाणी होता. फ्लेक्सनरनं सांगितलं, रसायन, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र येत नसेल त्याला रोग शिकवता येत नाही. दोन वर्षांचं कॉलेज सर्वांना सक्तीचं करा, आणि जमत नसेल त्यांनी दुकानं बंद करावीत. पुष्कळांनी केली. १९२० नंतरच्या दशकात महाविद्यालयांची संख्या ऐंशीच्या आसपास आली.

रोग्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण सुपानं पाखडताना दाणेही उडाले. नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांची महाविद्यालयं गेली. काळ्या लोकांसाठी सात महाविद्यालयं होती, त्यांतली पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोनच उरली. ज्या मुलाला दोन वर्षं कॉलेजात बसणं परवडत नव्हतं, त्याच्यापुढं दार बंद झालं.

आता गंमत अशी झाली की दरवाजे कमी, आणि दारात गर्दी जास्त. निवडायचं कसं? १९२० च्या दशकात वैद्यकाचे वर्ग अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं प्रमाण काही ठिकाणी शंभरात पाच, तर काही ठिकाणी पन्नासपर्यंत होतं. म्हणून १९२८ साली मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक चाचणी रचली. तीच पुढं बदलत बदलत आजची 'एमकॅट' परीक्षा झाली. पण नुसत्या एका दिवसाच्या चाचणीवर अमेरिकेचा कधी विश्वास बसला नाही. तिच्याजोडीला कॉलेजातल्या गुणांचं पारडं राहिलंच.

हे गुण कसे मांडतात, तेही समजून घ्या. येल कॉलेजात १७८५ साली विद्यार्थ्यांची उत्तम ते निकृष्ट अशी चार गटांत विभागणी झाल्याची नोंद आहे. माउंट होलिओक या स्त्रियांच्या कॉलेजानं १८९७ साली ए, बी, सी अशी अक्षरं लावली. आज ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, सी दोन, डी एक, आणि एफ म्हणजे नापास, शून्य. प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणतात; आठवड्याला तीन तास असतील तर साधारण तीन क्रेडिट. अंकाला वजनानं गुणायचं, बेरीज करायची, एकूण वजनानं भागायचं. आला तो 'जीपीए'. आपल्या बाजारच्या सरासरी भावासारखाच हिशेब आहे.

आता पाटी घ्या. एक मुलगा पहिल्या वर्षी खेड्यातून शहरात आला, गांगरला, आणि वर्षभर सगळीकडे सी मिळाला. तीस क्रेडिट, साठ अंक. पुढची तीन वर्षं त्यानं एकही ए सोडला नाही. नव्वद क्रेडिट, तीनशे साठ अंक. एकूण चारशे वीस, भागिले एकशे वीस. उत्तर ३.५. तीन वर्षं निर्दोष, तरी साडेतीन! २०२३ साली अमेरिकेत वैद्यकाला जे सुमारे तेवीस हजार विद्यार्थी घेतले, त्यांची सरासरी ३.७७ होती, आणि अर्ज साडेबावन्न हजार होते. म्हणजे हा मुलगा सरासरीच्या खाली. आकड्याला पहिलं वर्ष आणि चौथं वर्ष सारखंच. मूल चढत गेलं की उतरत गेलं, हे बेरजेत दिसत नाही.

याच भीतीपोटी विषय मध्येच सोडण्याची वाट निघाली. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय सोडला तर त्याची खूण राहत नाही. त्यानंतर कॉलेजानं ठरवलेल्या तारखेपर्यंत सोडला, तर गुणांच्या जागी 'डब्ल्यू' हे अक्षर पडतं. म्हणजे 'विषय सोडला'. तारीख उलटली की मात्र जे पडेल ते पदरात. डब्ल्यूला अंक नाही. भागाकारात तो येत नाही. पण कागदावरून तो जातही नाही.

शेतकरी बांधवांना हे चटकन समजेल. सातबाऱ्यावरचं जुनं नाव कमी होतं तेव्हा त्याला कंस होतो, नाव खोडलं जात नाही. हक्क गेला तरी इथं कुणीतरी होतं, एवढं उताऱ्यावर राहतं. डब्ल्यूचं तसंच. इथं काहीतरी झालं होतं, इतकंच ते अक्षर सांगतं. काय झालं होतं, ते सांगत नाही. आई आजारी होती? रात्रपाळी लागली? की विषय झेपला नाही? तिघांनाही अक्षर एकच.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघानं एकाच अर्जाची सामाईक व्यवस्था सुरू केली. गर्दीच तशी होती. १९७४ साली सुमारे बेचाळीस हजार अर्जदार आणि जागा पंधरा हजारांच्या घरात. या व्यवस्थेत विद्यार्थ्यानं आजवर कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय लिहावा लागतो. सोडलेलाही. मग मूळ उताऱ्याशी ताळा घेतला जातो. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही वेळचे गुण धरतात. जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात. काही कॉलेजांत 'सोडताना नापास होत होता' असा शेरा असतो. कॉलेज त्याला नापासात धरत असेल, तर इथंही तो शून्य म्हणून मोजला जातो.

पुन्हा विषय घेऊन कितीसा फरक पडतो? एकशे वीस क्रेडिटांत चार क्रेडिटांचा एक डी, बाकी सगळे ए. सरासरी ३.९०. तोच विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तर क्रेडिट एकशे चोवीस आणि सरासरी ३.९०च, पुढं कुठंतरी तिसऱ्या घरात तीन येतो. सबंध सत्राची मेहनत, आणि आकड्यानं कूससुद्धा बदलली नाही. ऑस्टिओपॅथी पंथाच्या महाविद्यालयांच्या अर्जात पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घेई. चुकलेल्यांना ती एक खिडकी होती. २०१७ साली तीही बंद झाली.

मग एका डब्ल्यूनं दार बंद होतं का? तसं होत नाही. अर्ज वाचणारी समिती माणसांचीच असते. चार वर्षांत एखादं अक्षर असेल तर ते सहसा कुणी मनावर घेत नाही. पण दर सत्राला एक, आणि तेही रसायनालाच, असं दिसलं की वाचणारा थबकतो. मग तो विचारतो, आणि मुलाला उत्तर लिहावं लागतं. म्हणून तिकडचे जाणते सल्लागार म्हणतात : डी किंवा एफ समोर दिसत असेल तर डब्ल्यू घ्या, बी मिळणार म्हणून घाबरून घेऊ नका.

हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण त्यात एक मेख आहे. तिकडे सरकारी शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी घेतलेल्या क्रेडिटांपैकी साधारण दोन-तृतीयांश पुरी करावी लागतात, आणि सोडलेला विषय 'घेतलेला' म्हणूनच धरतात. बारा क्रेडिटांच्या खाली गेलं की पूर्णवेळ विद्यार्थी हे नावही जातं. म्हणजे ज्याचा बाप फी भरतो त्याला हे अक्षर स्वस्तात मिळतं. जो मदतीवर शिकतो आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासतो, त्याला ते परवडत नाही. तो वर्गात टिकून राहतो आणि सी घेतो. दोन उतारे शेजारी ठेवा. पहिल्यावर एक निरुपद्रवी अक्षर, दुसऱ्यावर कायमचा सी. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला खरा अन्याय इथं आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही, म्हणूनच तो टिकून आहे.

इतकं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग गुण मोजणंच सोडून द्यावं. त्यालाही इतिहासाचं उत्तर आहे. १९२० ते १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू मुलांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवत. अर्जात धर्म विचारत, फोटो मागवत, मुलाखतीत 'स्वभाव' पाहत. या मुलांचे गुण उत्तम असत. नेमके तेच बाजूला ठेवायला 'स्वभाव' उपयोगी पडे. ओळख नसलेल्या, आडनाव नको असलेल्या मुलाच्या हातात गुणांच्या कागदाखेरीज दुसरं काय होतं? तो कागद आंधळा आहे, हेच त्याचं मोठेपण. आणि आंधळा असल्यामुळं त्याला आजारी आईही दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गुणातून आल्या आहेत, म्हणून एक ठेवून दुसरी काढता येत नाही. आजही ३.७९ च्या वर सरासरी आणि एमकॅटला अगदी वरचे गुण असलेल्या शंभरांतल्या पंधरा-वीस जणांना कुठंच जागा मिळत नाही. तिथं मुलाखत आणि शिफारसपत्रं बोलतात, आणि ती नेहमी न्यायानंच बोलतात असं मी म्हणणार नाही.

गुणांचा आकडा बाहेरच्या वाऱ्यानंही हलतो. १९६६ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी तरुणांची भरती चालू असताना वर्गातल्या क्रमांकावर कॉलेजच्या मुलाची भरती टळणं अवलंबून होतं. कमी गुण देणं म्हणजे पोराला रणांगणावर पाठवणं, असं कित्येक प्राध्यापकांना वाटू लागलं, आणि गुण देणारा हात सैल झाला. युद्ध संपलं, पण हात पुन्हा आवळला नाही. २०२० च्या करोनाच्या वसंतात तर पुष्कळ कॉलेजांनी अक्षरंच बंद केली आणि नुसतं पास-नापास लिहिलं. त्या एका सत्रापुरतं बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांनी ते चालवूनही घेतलं.

आपल्याकडच्या पदवीधरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. भारतात बी. एस्सी. होऊन तिकडे वैद्यकाला जाऊ म्हणणाऱ्याचे इथले गुण त्या सामाईक अर्जाच्या सरासरीत सहसा धरले जात नाहीत. तिकडच्या कॉलेजात निदान वर्षभर विषय घ्यावे लागतील, असं बरीच महाविद्यालयं सांगतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला मुळीच न घेणारीही पुष्कळ आहेत.

टेक्सास राज्यानं मात्र आपल्या कायद्यात एक वेगळी सोय केली आहे. तिला 'नवी सुरुवात' असं नाव आहे. दहा वर्षांहून जुना अभ्यास विचारात घेऊ नका, असं अर्जदाराला तिथल्या सरकारी संस्थांना सांगता येतं. विशीत घसरलेला माणूस पस्तिशीत पुन्हा पाटी घेऊन बसू शकतो. फक्त अट अशी की नकोसे गुण गेले, तर त्या काळातले चांगले गुणही जातात, आणि त्या अभ्यासावर मिळवलेली पदवीसुद्धा प्रवेशासाठी धरली जात नाही. पहिल्या वर्षाच्या रसायनापासून सगळं पुन्हा शिकावं लागतं.